तीन इंचांचा कल

चांदवडमध्ये बोअरची गाडी आली की गल्लीतली पोरं शाळा विसरतात. एका गाडीवर हवेचा कॉम्प्रेसर, दुसरीवर रॉड आणि आडवा निजवलेला टॉवर. नंबर प्लेट बहुधा तमिळनाडूची, कारण तिथल्या नामक्कल जिल्ह्यातलं तिरुचेंगोडे हे गाव या धंद्याचं मोठं ठिकाण आहे. टॉवर उभा राहतो, हातोडा सुरू होतो, धुळीचा लोट उठतो आणि मग पाणी लागतं की नाही याकडे सगळ्यांचे डोळे लागतात. त्याच्या आधीचा अर्धा तास मात्र कोणी बघत नाही. त्या वेळात गाडी समतल केली जाते.

या अर्ध्या तासाचं महत्त्व आमच्या घराला मामूंच्या मळ्यामुळे कळलं. काही वर्षांपूर्वी तिथे उतारावर, रात्री अकरा वाजता, एका गाडीने घाईत बोअर मारला. पाणी चांगलं लागलं. पण मोटर सोडायला मिस्त्री आला तेव्हा ती १८० फुटांवर अडकली, ना खाली जाईना, ना वर येईना. भोक वाकडं गेलं होतं. पाणी खाली, मोटर मध्ये आणि मामू वर. त्यांनी त्या वर्षी कांदा टँकरवर जगवला, आणि तो विकून जे आलं ते टँकरवाल्यालाच गेलं.

हिशेब साधा आहे. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या जॅकमध्ये पंधरा फूट अंतर धरा. एक बाजू तीन इंच खाली राहिली तर सुमारे एक अंशाचा कल पडतो. वरून तो डोळ्यांना दिसतही नाही. पण याच कलाने भोक सरळ रेषेत गेलं तरी ३०० फुटांवर ते पाच फूट बाजूला सरकलेलं असतं. प्रत्यक्षात ते सरळ रेषेतही जात नाही. रॉड वाकतात, हातोडा मऊ थराकडे ओढला जातो. आपल्याकडे वर मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, पुन्हा मांजऱ्या असे थर असतात, त्यामुळे वाकायला संधी भरपूर.

म्हणून अम्मी मरहूमांच्या नावाने मदरशाच्या आवारात बोअर करायचं ठरलं तेव्हा मी भाईजानांना म्हटलं, "पाणी अल्लाहच्या हाती, पण गाडी सरळ लावून घेणं तुमच्या हाती आहे." पैसे अम्मींच्या दोन बांगड्यांचे होते. सगळ्या वारसांची रजामंदी घेऊन, मौलाना साहेबांना मसला विचारूनच त्या विकल्या होत्या. हजरत उस्मान (रजि.) यांनी मदिन्यातली रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली, ही गोष्ट आपल्या घरांत मुलांना पाठ असते. सदका-ए-जारियाचा विचार करताना आम्हालाही तीच आठवली. मदरशातल्या मुली वुजूसाठी डोंगराच्या पायथ्याच्या हातपंपावरून कळशा आणत होत्या. दुसरा बोअर करायला तिसरी बांगडी नव्हती.

जागा अवघड होती. आवाराचा उतार नाल्याकडे, आणि डावीकडे भिंत बांधताना टाकलेला नवा भराव. एजंट म्हणाला, "चालतंय हो, लावा हातोडा. संध्याकाळी वडनेरभैरवला दुसरा पॉइंट आहे." गाडीवरचा उस्ताद झारखंडचा होता, तिशीही न गाठलेला. त्याने एजंटकडे बघितलंही नाही. पहार घेऊन तो भरावात टोचत फिरला. पहार सहज आत गेली तिथली सैल माती त्याने पोरांकडून काढायला लावली, खालचा घट्ट मुरूम दिसेपर्यंत. मी मदरशाच्या ओट्यावरून हे बघत होते. तेवढ्यावरच माझा निम्मा घोर मिटला.

मग चाकांच्या पुढे-मागे मोठे दगड लावले. हे आधी करायचं, कारण हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो. जॅकने तीच चाकं उचलली गेली तर गाडी धरून ठेवायला काही उरत नाही, आणि उतारावर ती घसरते. जॅकच्या पायांखाली जाड लाकडी ठोकळे आले. चार जॅक, चार लिव्हर, सगळं हाताने. आधी चारही पाय ठोकळ्यांना नुसते टेकवले. मग खालच्या बाजूचे दोन एकत्र, थोडे थोडे. मी भाईजानांना हळूच विचारलं, एकच कोपरा का नाही उचलत? उस्तादाने ऐकलं. "मॅडम, चेसिस पिळते," तो म्हणाला. खाटेचा एकच पाय उचलला की चौकट कशी करकरते, तसंच ते.

टायर जमिनीला टेकलेलेच राहिले, फक्त त्यांचा दबलेला फुगवटा कमी झाला. त्याने चेसिसवर पाणसळ ठेवली, आधी लांबीत, मग रुंदीत. बुडबुडा मधोमध आला. एजंटाने घड्याळ दाखवलं. पण टॉवर उभा केला की सगळं वजन मागे जातं आणि पहिली मोजणी खोटी ठरते. झालंही तसंच, बुडबुडा सरकला. मग त्याने पुन्हा लिव्हर धरले, आणि टॉवरला ओळंबा लावून समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून बघितलं. फक्त समोरून बघणारे बरेच असतात. बाजूचा कल त्यांना दिसत नाही.

एवढी अवजड गाडी एक माणूस दोन बोटांनी उचलतो, याचं मला अजून नवल वाटतं. मी भाषा शिकवते, पण आमच्या विज्ञानाच्या बाईंनी हे एकदा दोन सिरिंज आणि नळी घेऊन मुलांना दाखवलं होतं. बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा सतराव्या शतकातल्या पास्कलचा नियम. मोठ्या दट्ट्याचा व्यास दहापट असेल तर जोर शंभरपट मिळतो. इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये यावरच्या दाबयंत्राचं पेटंट घेतलं. परदेशात गाडीतच घर थाटून फिरणारे लोकही मुक्कामाला असेच जॅक टेकवतात. तिथे हेतू झोप नीट लागावी आणि गॅसवरचा फ्रिज चालावा, एवढाच. रीत मात्र तीच: पाया घट्ट, चाकांना अडसर, दोन-दोन जॅक, पुन्हा मोजणी.

पाण्यासाठी पातळी बघण्याची विद्या आपल्यात जुनी आहे. अल-करजी या गणितज्ञाने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला जमिनीत दडलेलं पाणी काढण्यावर अरबीत ग्रंथ लिहिला. त्यात पातळी मोजण्याच्या साधनांना बरीच जागा दिली आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकात खडकीला, म्हणजे नंतरच्या औरंगाबादला, जमिनीखालून नहर आणली. पंपाशिवाय, नुसत्या उतारावर. उतार चुकला असता तर शहर तहानलेलं राहिलं असतं.

आमच्याकडे पहिला रॉड अर्धा गेला असेल नसेल, उस्तादाने हातोडा थांबवला. एजंट वैतागला. डावा मागचा ठोकळा बोटभर दबला होता. त्याने तो जॅक जरासा वर घेतला, ओळंबा पुन्हा बघितला, मगच पुढे. केसिंग बसायच्या आधी हे जमतं, नंतर नाही. ज्यांच्या घरी बोअर होणार असेल त्यांनी गवंड्याकडून पाणसळ मागून आणावी आणि स्वतः लावून बघावी. चांगल्या उस्तादाला त्याचा राग येत नाही. मुलांना मात्र लांब ठेवा. जॅकवरच्या गाडीखाली कोणी जाऊ नये, ती बोअरची असो की घरची कार. तेलाचा सील फुटायला वेळ लागत नाही.

१४० फुटांपर्यंत नुसती धूळ निघाली. भाईजान तसबीह घेऊन भिंतीला टेकून उभे. १९५ ला ओल आली, २१५ ला पाणी उसळलं, आणि २६० ला थांबलो. अल्हम्दुलिल्लाह. उस्तादाने टॉवर आधी निजवला, मग जॅक वर घेतले, आणि चाकांखालचे दगड सगळ्यात शेवटी काढले. चहा झाला, बिर्याणीचा डबा गाडीत दिला. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

जुम्याला मिस्त्री मोटर घेऊन आला. त्याने आधी दोरीला वजन बांधून खाली सोडलं. ते कुठेही न घासता तळाला टेकलं. मग पाइप एकामागून एक उतरले आणि मोटर २३० फुटांवर बसली. मामू आले होते. प्रत्येक पाइपला ते मोठ्याने आकडा म्हणत होते. १८० आला तेव्हा गप्प झाले, आणि पुढचा पाइप गेल्यावर पुन्हा मोजू लागले.