कापूस पिंजण्याला इंग्रजीत काय म्हणतात?

एफ.वाय.बी.ए.ला इंग्रजी सक्तीचं होतं, म्हणून मी त्या तासाला बसायचो. शाळा मराठी माध्यमाची, घरात दखनी, गल्लीत दोन्हींची सरमिसळ. इंग्रजीशी नातं पास होण्यापुरतं. जुन्या नाशकातून सायकल हाणत कॉलेजात जायचं, शेवटच्या बाकावर बसायचं आणि मॅडमची नजर चुकवायची, एवढंच माझं धोरण.

पहिल्याच महिन्यात मॅडमनी निबंध दिला, 'माझे वडील'. मी गाईडमधून उतरवला. त्यातले वडील टाय बांधून ऑफिसला जायचे आणि रविवारी मुलांना बागेत न्यायचे. वही परत आली तेव्हा तिच्यात एकही लाल खूण नव्हती. खाली फक्त मराठीत लिहिलं होतं, "हे कोणाचे वडील? तुझे असतील तर सांग, टाय कोणत्या रंगाचा?"

मला घाम फुटला. माझे अब्बा पिंजारी. भद्रकालीतल्या एका बोळात गाद्यांचं दुकान. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांत, दाढीत कापूस अडकलेला असायचा. कॉलेजच्या प्रवेश अर्जावर वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'व्यापार' लिहून मोकळा झालो होतो.

मॅडमनी आठ दिवस दिले. म्हणाल्या, "आधी मराठीत लिही, बोलतोस तसं. मग इंग्रजीत आण. एका वाक्यात एकच गोष्ट. चुका होऊ देत, पण खरं लिही."

मराठीत एका रात्रीत तीन पानं झाली. जुनी गादी दुकानात येते. अब्बा टाके उसवतात. दबून दगड झालेला कापूस उन्हात टाकतात, मग यंत्रातून पिंजून काढतात. खोळीत भरतात, हाताने सारखा करतात आणि दाभणाने टाके घालतात. दादा हेच काम धनुकलीवर करायचे. तिच्या तातेचा आवाज ऐकून बायका जुन्या उशा बाहेर काढत.

इंग्रजीत मात्र पहिल्याच वाक्याला गाडी अडली. पिंजणं म्हणजे काय? मित्र म्हणाला, "क्लीन लिही." पण धुणं वेगळं आणि पिंजणं वेगळं. शेवटी सार्वजनिक वाचनालयात गेलो. १८४० साली सुरू झालेलं आमच्या गावचं हे वाचनालय, पण मी तिथे तोवर फक्त पेपर वाचायला गेलो होतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडला. शब्द मिळाला, 'कार्ड'. मला माहीत असलेली कार्डं म्हणजे रेशनकार्ड, आयकार्ड आणि ईदकार्ड! पुढे कळलं, हा शब्द काटेरी झाडाच्या लॅटिन नावावरून आला. त्याच्या काटेरी बोंडांनी तिकडे लोकर विंचरत. म्हणजे अब्बांच्या कामाला त्या भाषेतही जुनं, मानाचं नाव होतं. लाज फक्त माझ्यापाशी होती.

इशाच्या नमाजीनंतर मी निबंध अब्बांना वाचून दाखवला, एकेक वाक्य दखनीत समजावत. ते मान डोलवत होते. 'बीट' या शब्दापाशी थांबले. "कापूस कू पीटते नहीं बेटा, खोलते." मी शब्द बदलला, 'ओपन' लिहिलं.

मॅडमनी काळाच्या आणि आर्टिकलच्या अकरा चुका काढल्या. 'ओपन'भोवती मात्र वर्तुळ काढून विचारलं, "हा शब्द कुठे मिळाला?" मी म्हणालो, "अब्बांनी दिला." त्यांनी तो निबंध वर्गात वाचायला लावला. माझा आवाज थरथरला, उच्चारांना एकदोघे हसलेही. पण तास संपल्यावर एका मुलाने विचारलं, "आमच्या घरच्या दोन गाद्या आहेत, अब्बा करून देतील का?"

त्यानंतर मी तास चुकवला नाही. मॅडम सांगायच्या, नाशिकच्याच हंप्राठा कॉलेजात शिकलेले शिरवाडकर शेक्सपिअर वाचून आले आणि त्यांनी मराठी रंगभूमीला 'नटसम्राट' दिलं. इंग्रजी वाचून घर विसरायचं नसतं, हे मला त्यातून कळलं. हमीद दलवाईंची 'इंधन' ही १९६५ सालची कादंबरीही त्यांनीच हातात ठेवली. मुसलमानाचं घर मराठी कादंबरीत असू शकतं, हे मला इंग्रजीच्या तासाला समजलं! पुढे मी मराठीतच लिहू लागलो. ज्याच्याविषयी लिहायचं त्याला आधी वाचून दाखवायचं, ही सवय मात्र त्या वर्गातली.

एस.वाय.च्या अर्जावर वडिलांच्या व्यवसायापुढे 'पिंजारी' लिहिलं. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "म्हणजे काय करतात?" मागे रांग होती, तरी मी त्यांना सगळं सांगितलं.

फोमच्या गाद्या आल्या, दुकान बंद झालं. दादांची धनुकली आता माझ्या पुस्तकांच्या कपाटावर आहे. तात तुटलेली आहे. परवा धाकटीने विचारलं, "ये क्या है?" मी तिला तोच जुना निबंध काढून दिला. तिने पहिल्याच ओळीतली एक चूक दाखवली.