दाराची खोड

कोकणातल्या जुन्या पिकअपचं दार परक्या माणसाला पहिल्या झटक्यात उघडत नाही. एकीचं दार वर उचलून ओढावं लागतं. दुसरीची चावी पूर्ण आत घालून केसभर मागे घ्यावी लागते, तिसरीच्या हँडलखाली मूठ मारावी लागते. मालकाला विचारलं तर सांगता येत नाही, कारण ते त्याच्या मनगटाला माहीत असतं. ‘थांबा, मी उघडतो’ म्हणत तो पुढे होतो, आणि आपण बघत असतानाच दार उघडतं.

आमच्या काकांच्या पिकअपची खोड ड्रायव्हर साइडच्या दारात होती. चावी घातली की डाव्या तळव्याने दार आत दाबायचं, चावी जराशी वर उचलून धरायची आणि मग फिरवायची. आत बसल्यावर बाहेर यायचं तर काच खाली करायची, हात बाहेर काढायचा आणि बाहेरचं हँडल ओढायचं. आतलं हँडल नुसतंच हलायचं. हापूसच्या दिवसांत हीच गाडी रात्रभर चालून पहाटे वाशीच्या बाजारात पोचते. पेट्या हौद्यात, काका स्टिअरिंगवर, क्लीनर साइडला गावातलाच एखादा पोरगा. काका त्या दाराविषयी कधी तक्रार करत नसत. मी विषय काढला की म्हणत, “चाललंय ना गो बाय. माझ्या हाताला उघडतं.”

मला नेमकं तेच खुपत होतं. रात्री घाटात गाडी कलंडली, हात अडकला, काच खाली जाईना झाली, तर ते दार कुणाच्या हाताला उघडणार? अडलेल्या वस्तूशी जुळवून घेण्याची आपल्याकडे फार जुनी सवय आहे आणि तिच्यात माया आहे, हे मला मान्य आहे. पण एकाच हाताला उघडणारं दार बाकी सगळ्यांसाठी भिंतच असतं. म्हणून आंबा संपल्यावर, मृग लागायच्या आत, गाडी खळ्यात फणसाखाली लावून घेतली आणि काकांना म्हटलं, दार आपण उघडून बघू. बाजारपेठेतल्या गॅरेजच्या मिस्त्रींनी काय काय लागेल ते सांगितलं होतं आणि त्यांच्याकडची दोन हत्यारं विश्वासाने हातात ठेवली होती.

कुलूप अडतं म्हणतो तेव्हा खरं तर तीनपैकी काहीतरी अडलेलं असतं. चावी जाते तो गाभा, दाराच्या कडेला बसवलेला खटका, किंवा त्या दोघांना जोडणाऱ्या लोखंडी सळ्या. कुठे दुखतंय ते आधी समजून घ्यावं लागतं, नाहीतर चांगल्या भागाची मोडतोड होते. दार उघडं ठेवून खटक्याच्या कैचीत स्क्रू ड्रायव्हर घातला आणि ती हाताने बंद केली. दोन वेळा ‘खट्’ व्हायला हवं. पहिलं अर्धं बंद, दुसरं पूर्ण. मग हँडल ओढून ती मोकळी केली. (ही मोकळी न करता दार लावायचं नाही, बंद कैची सरळ खांबावरच्या खुंटीवर आपटते आणि वाकते.) दार उघडं असताना खटका जड होता, पण चालत होता. दार लावलं की मात्र हटून बसायचा. म्हणजे खटका आणि खांबावरची खुंटी यांची गाठ नीट पडत नव्हती. खिडकीखालची लॉकची बोंडी बोटाने सहज वरखाली होत होती, तेच काम चावीने करायला गेलं की जोर लागायचा. म्हणजे गाभाही दुखत होता.

आणि इथे माझ्या लक्षात आलं की काकांना हे सगळं आधीच ठाऊक होतं. तळव्याने दार आत दाबायचं, ते खुंटीवरचा ताण सुटावा म्हणून. चावी वर उचलायची, ती झिजल्यामुळे गाभ्याच्या आतल्या पट्ट्या पुऱ्या उचलल्या जात नाहीत म्हणून. त्यांनी ते कधी शब्दांत मांडलं नव्हतं. पण दोन हातांनी दोन वेगळी दुखणी त्यांनी अचूक हेरली होती आणि प्रत्येक वेळी दार उघडताना तेवढ्यापुरता उपचारही केला होता. मी त्यांना तसं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण त्यानंतर स्टूल ओढून जवळ बसले.

दाराच्या आतला पॅड काढायचा तर आधी काच वरखाली करायचं हँडल काढावं लागतं. त्याला बाहेरून स्क्रू दिसत नाही. हँडलच्या मागे घोड्याच्या नालेच्या आकाराची तारेची क्लिप असते. मिस्त्रींनी सांगितलेली रीत अशी, की हँडल आणि पॅड यांच्या फटीत जुन्या धोतराची पट्टी घालायची आणि दोन्ही टोकं धरून घुसळत वर ओढायची. धाग्यात क्लिप अडकते आणि टणकन उडते. ती कुठे पडते तिकडे लक्ष ठेवायला एक माणूस हवा. ते काम काकूंनी केलं, आणि क्लिप त्यांच्या पदरातच पडली.

पॅड निघाला, त्यामागचा प्लॅस्टिकचा कागद हळूहळू सोडवला. हा कागद पुष्कळ जण फाडून फेकून देतात. फेकू नये. काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या पोटात उतरतंच, तशी योजनाच असते; ते आतल्या बाजूला येऊ नये म्हणून हा कागद आणि खाली वाहून जावं म्हणून दाराच्या तळाला भोकं. काकांच्या दाराची भोकं बुजली होती. आत तांबड्या मातीचा बोटभर थर होता, त्यात पेंढ्याच्या काड्या, कधीतरी आत घसरलेल्या पावत्यांचा लगदा आणि आंब्याचा वाळलेला मोहोरसुद्धा. रत्नागिरी जिल्ह्यात पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. त्यातलं बरंच पाणी या पोटात येऊन बाहेरची वाट शोधत थांबलं असणार. मार्चपासून उडणारी जांभ्याची धूळ, जूनपासूनचा पाऊस आणि किनाऱ्याकडून येणारी खारी हवा, तिन्ही तिथे एकमेकांत मुरली होती. खटक्यावरचं मूळचं ग्रीस त्या धुळीत मिसळून काळं, घट्ट झालं होतं. ग्रीस म्हणजे साबणात धरून ठेवलेलं तेल. वर्षं गेली की तेल पाझरून जातं, मागे उरतो तो चिकट साका.

आतल्या हँडलची गोष्ट तर दोन मिनिटांत उलगडली. सळीला धरून ठेवणारी प्लॅस्टिकची क्लिप तुटली होती आणि तिच्या जागी कुणीतरी बांधलेली तार गंजून गळून पडली होती. दहा-वीस रुपयांची वस्तू. तिच्यावाचून माणूस गाडीत अडकू शकतो.

गाभा मात्र मन लावून करायचं काम. तो मागून पत्र्याच्या पट्टीने अडकवलेला असतो. पट्टी सरकवली की बाहेरून हातात येतो. आत पितळेच्या पातळ पट्ट्या ओळीने बसवलेल्या, प्रत्येकीमागे केसाएवढ्या तारेची स्प्रिंग. चावीच्या खाचा प्रत्येक पट्टीला ठरलेल्या उंचीवर आणतात. सगळ्या एका रेषेत आल्या की गाभा फिरतो, एक जरी बाहेर राहिली तरी फिरत नाही. चावी आत ठेवूनच गाभा बाहेर काढायचा, नाहीतर पट्ट्या आणि स्प्रिंगा खळ्यात विखुरतात. बाहेरचं घर जस्ताच्या मिश्रधातूचं, त्यावर खाऱ्या हवेने पांढरी भुकटी धरली होती. पेट्रोलच्या वाटीत बुडवून ब्रशने धुतलं, तर पेट्रोल तपकिरी झालं. धुण्याआधीच गाभ्यातला तेलकट साका बोटाला लागला होता. वास ओळखीचा होता. खोबरेल!

काकांनी लगेच सांगितलं, दर दिवाळीला ते कुलपात खोबरेल सोडतात. घरात तशीच पद्धत आहे. आजोबा लालबागच्या गिरणीत होते. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली कुलपांचा कारखाना सुरू केला तो याच लालबागला. आजोबांनी मुंबईहून आणलेलं जाडजूड कुलूप अजून माजघराच्या दाराला आहे, खोबरेलावर पिढ्यानपिढ्या चालतंय. त्याच्या आतल्या भागांमध्ये ऐसपैस जागा आहे. गाडीच्या गाभ्यात पट्टी आणि खाच यांच्यात कागदाएवढी फट. तिथे तेल धूळ धरून ठेवतं. शिवाय खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. पौषात पहाटे आंबा घाटाने कोल्हापूरला जाताना चावी फिरत नसे आणि काका किल्लीवर काडी पेटवून धरत, त्याचं कारण हे. कुलूप थंडीने आखडतं असं ते समजत होते. तसं बघितलं तर ते बरोबरच होतं.

खटक्याला ग्रीस हवं, गाभ्याला मात्र कोरडं काहीतरी. त्याला ग्राफाइट उत्तम. पत्त्यांच्या कॅटासारखे त्यातले थर एकावर एक घसरतात. बाजारात पूड मिळते, पण आमच्या घरात चित्रकलेच्या परीक्षेला बसलेली पुतणी होती आणि तिच्याकडे ८बी पेन्सिल होती. पेन्सिलच्या शिशात ग्राफाइट आणि भाजलेली माती असते. फ्रान्समध्ये कॉन्तेने १७९५ साली हे मिश्रण शोधून काढलं. जितकी पेन्सिल मऊ, तितकी माती कमी आणि ग्राफाइट जास्त. सुरीने खरवडून चिमूटभर पूड गाभ्यात फुंकली, थोडी चावीवर चोळली. चिमूटभरच घालायची, जास्त झाली की तिचाही गाळ होतो.

या ग्राफाइटची एक गोष्ट मला फार आवडते. त्याचे थर घसरतात ते नुसत्या स्वतःच्या रचनेमुळे नव्हे, तर त्यांना हवेतलं बाष्प चिकटलेलं असतं म्हणून. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फार उंचावरून उडणाऱ्या विमानांच्या जनित्रांमधले कार्बनचे ब्रश भराभर झिजायला लागले, तेव्हा हे उघड झालं. तिथली हवा विरळ आणि कोरडी होती. म्हणजे ज्या दमटपणाने आमच्या दाराचं लोखंड खाल्लं, तोच दमटपणा या काळ्या पुडीला निसरडी ठेवतो. आमच्या किनाऱ्याविषयी इतकं चांगलं मला बऱ्याच दिवसांत कुणी सांगितलं नव्हतं.

चावीचा प्रश्न उरलाच होता. काकांची चावी रोजच्या वापराने गोल झाली होती. तिच्यावरून डुप्लिकेट केली तर झीजसुद्धा जशीच्या तशी उतरते, म्हणून तो मार्ग सोडला. काकूंनी विचारलं, “गाडी घेतली तेव्हाची दुसरी चावी चालेल का?” ती फडताळात, कागदपत्रांच्या डब्यात, शोरूमच्या दोऱ्यासकट पडून होती. कधीच न वापरलेली, खाचा टोकदार. धुतलेल्या गाभ्यात घातली आणि एका बोटाने फिरली. काकांनी ती दोनतीनदा फिरवून पाहिली, उचलून धरायला हात वर गेला आणि उचलण्याची गरज नाही म्हणून मध्येच थांबला.

खुंटीचं काम सर्वांत अवघड गेलं. तिचे दोन स्क्रू गंजून बसले होते. आधीची जागा पेन्सिलने आखून ठेवली, गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवलं आणि सकाळी मिस्त्रींचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लावून हातोडी मारली तेव्हा ते सुटले. पण खुंटी सरकवायच्या आधी दार का उतरलंय ते बघायला हवं होतं. उघड्या दाराचं टोक धरून वर उचललं तर बिजागरीत चांगलाच खेळ होता. वरच्या बिजागरीची पिन एका बाजूने झिजली होती. क्लीनर साइडच्या दाराला असा खेळ अजिबात नव्हता. दोन्ही दारांचं वय एकच, मग हा फरक कसला?

काका गाडीतून उतरताना मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. डावा पाय आत ठेवून ते उजव्या हाताने दाराच्या वरच्या कडेला धरतात, सगळा भार दारावर टाकतात आणि मग उतरतात. गुडघा दुखायला लागल्यापासूनचं ते आहे. गुडघ्याबद्दलही ते कधी बोलले नव्हते. दर उतरण्याला तो भार वरच्या पिनेवर पडत होता, पिन झिजत होती, दार उतरत होतं, खटका खुंटीवर तिरका येत होता, आणि तळव्याने दार दाबायची युक्ती तिथून जन्माला आली होती. कुलपापासून निघालेली ती साखळी माणसाच्या हाडापर्यंत गेली.

पिना आणि बुश नवे घातले, खुंटी जराशी बाहेर घेतली. त्याशिवाय मिस्त्रींकडून एक जाड लोखंडी हँडल आणून दाराच्या चौकटीच्या खांबाला आतून, पत्र्यामागे पट्टी देऊन पक्कं केलं. आता उतरताना ते धरायचं. हे न करता नुसत्या पिना बदलल्या असत्या तर काही वर्षांनी पुन्हा हेच झालं असतं, आणि गुडघा तर त्याआधीच बोलला असता. डॉक्टरांकडे जायचंही मी त्याच दिवशी ठरवून टाकलं. त्यावर वाद झाला, पण तारीख घेतली आहे.

मग तळाची भोकं तारेने मोकळी केली, खिडकीच्या फटीतून तांब्याभर पाणी ओतलं आणि ते खालून धार लागून गेलं तेव्हाच प्लॅस्टिकचा कागद परत चिकटवला. सळीला नवी क्लिप, खटक्याला ताजं ग्रीस. पुतणीला आत बसवून दार लावलं आणि तिला म्हटलं, उघड. आतलं हँडल ओढून ती सहज बाहेर आली. तिला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. काका मात्र स्वतः आत जाऊन बसले, दार लावलं, उघडलं, परत लावलं. मग खांबावरचं हँडल धरून उतरले आणि सरळ हौद्याच्या मागे गेले.

“फाळक्याची डावी खिट्टी पण ठोकूनच लावावी लागते,” ते म्हणाले. “उद्या तेवढी बघशील काय?”

मी पाना घेऊन तिकडे निघालेच होते.