गाडी थांबते कशाने?

गाडीची ताकद वाढवायला आता फारसा वेळ लागत नाही. लॅपटॉप जोडून इंजिनच्या संगणकातला प्रोग्रॅम बदलला, की अर्ध्या दिवसात गाडी वेगळी होते. थांबायचे कसे, हा विचार नंतर येतो. माझ्या भाच्याला तो आंबा घाटात आला.

त्याची ऑक्टेव्हिया 1.8 लिटर टर्बो पेट्रोल, मूळची 180 पीएसची, त्यात रिमॅप केलेली. रत्नागिरीकडे उतरताना चाकांतून जळका वास आला आणि पेडल मऊ पडून खाली जाऊ लागले. गाडीत आपा आणि त्याची दोन लेकरे होती. खालच्या गिअरवर गाडी कशीबशी आवरली. खैर झाली.

"मामू, आता पुढे सहा पिस्टनचे मोठे ब्रेक टाकतो. दीड लाख गेले तरी चालतील," तो म्हणाला. भीती खरी होती, म्हणून उत्तरही खरे द्यायला हवे होते.

ब्रेक वेग गिळत नाही, त्याची उष्णता करतो. 1400 किलोची गाडी ताशी 100 किलोमीटरवरून थांबवली, तर सुमारे 540 किलोज्यूल ऊर्जा डिस्कमध्ये जाते. ताशी 50 वरून तिच्या फक्त चौथा हिस्सा. घाटाचा हिशेब याहून कडक आहे. गाडी 100 मीटर उंची उतरली, की ताशी 100 वरून अडीच वेळा थांबवण्याइतकी ऊर्जा मोकळी होते. इंजिनला आणि हवेला त्यातला वाटा दिला नाही, तर सगळा भार ब्रेकवर.

मोठी डिस्क इथे कामाला येते. लोखंड जास्त, म्हणून ती सावकाश तापते. पॅड आसापासून दूर दाबतो, म्हणून पकडही वाढते. पण एकदाच करकचून ब्रेक मारला, तर कंपनीचे चांगले ब्रेकही चाक जाम करण्याइतके जोरदार असतात. एबीएस मध्ये पडते ते त्यामुळेच. त्यापुढे गाडी थांबवतो तो टायर. झिजलेल्या टायरवर सहा पिस्टन काय करणार?

मग पेडल खाली का गेले? मिस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला, "ब्रेक ऑइल कधी बदललं?" चार वर्षे झाली होती. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते. नवे डॉट 4 किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरल्यावर प्रमाणित किमान मर्यादा 155 वर येते. उकळले की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पायाचा जोर कॅलिपरपर्यंत पोचतच नाही. जुन्या ऑइलवर मोठे कॅलिपर बसवले, तर हा प्रसंग टळत नाही, थोडा लांबतो.

मोठ्या पिस्टनला ऑइलही जास्त लागते. मास्टर सिलिंडर जुनाच असेल, तर पेडल जास्त खाली जाते. फक्त पुढची ताकद वाढवली, तर मागची चाके आपला वाटा उचलत नाहीत. ऑक्टेव्हियाच्याच घडणीची सातव्या पिढीची गोल्फ जीटीआय पाहा. तिच्या परफॉर्मन्स पॅकमध्ये पुढची डिस्क 312 वरून 340 मिलिमीटर झाली, तेव्हा मागचीही 300 वरून 310 केली गेली. कारखाना तोल मोजून वाढवतो. आपण बहुधा पुढच्या लाल कॅलिपरवर थांबतो. शिवाय मोठ्या डिस्कला मोठी चाके लागतात, वजन वाढते. गाडीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. अपघातानंतर विमा कंपनीही तेच विचारेल.

शेवटी नवे ऑइल भरले, पॅड जास्त तापमान सोसणारे, पण थंडीतही पकडणारे घेतले, चारही टायर बदलले. खर्च दीड लाखाच्या निम्म्याहून कमी. ट्रॅकवर तासभर पळायचे असेल, तर मोठे ब्रेक जरूर घ्यावेत, पुढचे-मागचे जुळणारे.

भाचा थोडा हिरमुसला. चाकातून दिसेल असे काहीच नवे नव्हते. पण घाटात आपल्या माणसांना वाचवते ते बहुतेक वेळा न दिसणारेच असते: दोन वर्षांनी बदललेले ऑइल, टायरची शिल्लक नक्षी, आणि उतार सुरू होण्याआधी टाकलेला खालचा गिअर.