नानांचा हेडफोन

आमच्या घरातले गाणे बंद झाले ते कोणाच्या भांडणामुळे नव्हे. फ्लॅटच्या भिंती पातळ आणि कन्येची दहावी, एवढे कारण पुरले. इंदूरच्या जुन्या वाड्यात असताना नाना पहाटे पाचला ललत लावीत आणि दिवेलागणीला मारवा. आळीला त्याची सवय होती. फ्लॅटमध्ये आल्यावर पहिल्याच महिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी अगदी गोड शब्दांत विचारले, "आजोबांना ऐकू कमी येतं का हो?" नानांनी त्या दिवशी आवाज कमी केला आणि आठवड्याभरात रेकॉर्ड लावणेच सोडले. "आता पूर्वीसारखी गोडी वाटत नाही," एवढेच म्हणाले. आम्ही उभयतांनी ते खरे मानले. सहा महिने मानले, हे लिहिताना संकोच वाटतो.

मग एका रात्री पाणी प्यायला उठलो तर बैठकीत अंधारात नाना स्पीकरच्या जाळीला कान लावून बसलेले. आवाज इतका बारीक, की दोन पावलांवर काही ऐकू येत नव्हते. आम्ही तसेच परत फिरलो. दुसऱ्या दिवशी घरात ठरले, हेडफोन आणायचा. बजेट सहा हजारांचे. त्याहून जास्त झाले असते तर नानांनी तो डब्यातून बाहेरच काढू दिला नसता.

हेडफोनमधले आम्हांला काही कळत नव्हते, आणि पहिली चूक तिथेच झाली. घरबसल्या मागवला. डब्यावर मोठ्या अक्षरांत जादा बासची जाहिरात, दिसायला झकास, वायरही नाही. नानांनी तो डोक्याला लावला, पाच मिनिटे ऐकले आणि काढून ठेवला. म्हणाले, "डग्गा घरात शिरलाय आणि गवई बाहेर उभा आहे." गमतीने बोलले, पण निदान अचूक होते. ढोल आणि ठेका उठून दिसावा म्हणून अशा हेडफोनमध्ये खालचे स्वर मुद्दाम फुगवलेले असतात. पुरुष गायकाचा षड्ज सफेद एकवर धरला तर त्याची कंपने सेकंदाला सुमारे १३१ होतात आणि मंद्र षड्जाची त्याच्या निम्मी, म्हणजे ६५. नेमका हाच भाग फुगवला की खर्जात काम करणाऱ्या गायकाचा आवाज डग्ग्याच्या घुमाऱ्यात बुडतो. नानांचे दैवत म्हणजे उस्ताद अमीर खाँ. त्यांचे बालपण आपल्या इंदुरातच गेले आणि त्यांची सारी तपश्चर्या मंद्र सप्तकातली. म्हणजे अगदी नको तो हेडफोन आम्ही आणला होता.

यानंतर आम्ही जरा शहाणे झालो. जेल रोडला दोन फेऱ्या मारल्या. दुकानदार हौसेने ऐकवतात, पण ऐकवतात ते त्यांच्या पसंतीचे फिल्मी गाणे, तेही रस्त्याच्या गोंगाटात. शेवटी आम्ही नानांचीच एक रेकॉर्ड, १९६० सालची मारवा-दरबारीची लाँगप्ले, फोनवर घेऊन हिंडू लागलो. परीक्षा घ्यायची तर अभ्यासक्रम आपला हवा. अतिविलंबित झुमरा असल्यामुळे चौदा मात्रांचे आवर्तन सावकाश चालते आणि मधल्या मोकळ्या जागेत तानपुरा उघडा पडतो. तो तानपुरा गुणगुणतोय की नुसता 'घूं' करतोय, एवढे ऐकले तरी पुष्कळ कळते. डब्यावर छापलेल्या '२० ते २०,००० हर्ट्‌झ'वरून आम्हांला काहीच कळले नाही; तो आकडा जवळजवळ सगळ्यांवरच असतो. आणि नानांच्या वयाच्या कानांना वरची टोके ऐकूही येत नाहीत.

हे आम्हांला कानाच्या डॉक्टरांनी सांगितले. खरेदीआधी नानांना तपासून घेतले, हे मात्र आम्ही बरे केले. वयाबरोबर ऐकणे कमी होते ते आधी वरच्या पट्टीतले. त्यामुळे आवाज ऐकू येतो, पण शब्द निसटतात. हेडफोन हे काही श्रवणयंत्र नव्हे, बोलण्यासाठी यंत्र वेगळे घ्यावे लागेल, हेही डॉक्टरांनी बजावले. नानांनी त्यावर "बघू" म्हटले आहे. आमच्या घरात "बघू"चा अर्थ सगळ्यांना माहीत आहे.

आता बंद की उघडा, हा प्रश्न. बंद हेडफोनच्या वाट्या पाठीमागून पूर्ण झाकलेल्या असतात. बाहेरचा आवाज आत येत नाही, आतला बाहेर जात नाही. बसमध्ये, आगगाडीत हेच बरे, कारण गोंगाट कमी झाला की आवाज वाढवायचा मोह होत नाही. उघड्याच्या वाट्यांना पाठीमागे जाळी असते. त्यातून आवाज बाहेर झिरपतो, पण गाणे कानात कोंडल्यासारखे वाटत नाही. समोर बैठक बसल्यासारखे वाटते. शिवाय मे महिन्यात कानांना घाम फुटत नाही, आणि दारावरची घंटा ऐकू येते. म्हाताऱ्या माणसाने दुपारी एकट्याने घरी कान पूर्ण बंद करून बसावे, हे आम्हांला पटेना.

निवड झाली ती दुकानात नव्हे, ओळखीच्या एका संगीतशिक्षकांच्या खोलीत. त्यांच्याकडे एकेजीचा के-२४० होता. ही मूळची व्हिएन्नाची कंपनी, १९४७ साली निघालेली. हे मॉडेल अर्धे उघडे, म्हणजे दोन्हींच्या मधले. वजन पाव किलोच्या आसपास. वायर हेडफोनमधून सुटी करता येते, त्यामुळे ती तुटली तर वायर बदलायची, हेडफोन नव्हे. कानाच्या गाद्याही नव्या मिळतात. खोट्या चामड्याच्या गाद्यांचे पापुद्रे कधी ना कधी सुटतातच, तेव्हा ही गोष्ट छोटी नाही. नाना चष्मा लावतात, म्हणून काड्या दाबल्या जातात का, तेही पाहिले. त्यांनी मारवा लावला आणि वीस मिनिटे काही बोलले नाहीत. मास्तरांनी आणलेला चहा गार झाला. मास्तर आमच्याकडे बघून नुसते हसले. त्यानंतर आम्ही दुसरा कुठलाही हेडफोन पाहिला नाही, हे शास्त्राला धरून झाले नसेल. असो.

बिनतारी का घेतला नाही, असे आम्हांला पुष्कळांनी विचारले. सोय आहे, नाकारत नाही. पण त्यात बॅटरी असते, ती काही वर्षांनी थकते, आणि बऱ्याच हेडफोनमध्ये घरच्या घरी बदलता येत नाही. दुसरे असे, की ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा पोहोचतो. नुसते ऐकताना ते जाणवत नाही. पण आमच्या कन्येने कानात तबला लावून स्वतःचे गाणे फोनवर रेकॉर्ड केले, तेव्हा प्रत्येक सम चुकलेली निघाली आणि ती रडकुंडीला आली. चूक तिची नव्हती. वायरचा हेडफोन लावल्यावर तीच चीज समेवर आली.

एक अडचण वायरच्या हेडफोनलाही आहे. हल्लीच्या बऱ्याच फोनांना वायरचे भोक नसते. त्यासाठी छोटा अ‍ॅडॅप्टर लागतो, तो आम्ही वेगळा घेतला. नानांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला मात्र जाड पिनचे भोक आहे आणि तसा जोड हेडफोनच्या डब्यातच निघाला. घेताना ओहमचा आकडा तेवढा पाहावा. के-२४० हा ५५ ओहमचा आहे. स्टुडिओसाठी अडीचशे ओहमचेही मिळतात, ते साध्या फोनवर पुरेसे वाजत नाहीत.

खरी काळजी नंतर सुरू झाली. नानांना कमी ऐकू येते म्हणून ते आवाज वाढवणार, आणि वाढवल्याने उरलेले कानही जाणार. जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक असा आहे : मोठ्या माणसांनी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा, मुलांनी तेवढेच तास पण ७५ डेसिबलने. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करायची. ८३ ला वीस तास, ८६ ला दहा, ८९ ला पाच. हे नानांना समजावताना कन्या शेजारी बसली होती, तिच्या कानात ती इवली बोंडे. आम्ही तिला हाक मारली. तिसऱ्या हाकेला तिने वर पाहिले. तेव्हा नाना आमच्याकडे ज्या नजरेने बघत होते, ती आम्ही विसरलेलो नाही. सहा महिने आम्ही म्हाताऱ्या कानांची चिंता करीत होतो आणि पंधरा वर्षांच्या कानांकडे कोणाचे लक्षच नव्हते.

मग दोघांसाठी एकच कायदा झाला. हेडफोन लावलेला असताना हातभर अंतरावरून साध्या आवाजात विचारलेले ऐकू आले पाहिजे. अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणावर जिथे हे जमते, तिथे आम्ही नेलपॉलिशने लाल रेघ मारली. कन्येच्या फोनला कमाल आवाजाची मर्यादा घातली. तिचा परवलीचा शब्द नानांकडे आहे.

आता पहाटे पाचला बैठकीत दिवा दिसतो. गाणे ऐकू येत नाही, पण मधूनच नानांची "वाहवा" येते, जराशी मोठ्याने. कन्या अभ्यासाला उठलेली असते, ती पुस्तकातून मान वर न काढता "नाना, हळू" म्हणते. सकाळी झाडलोट करताना आम्ही बटण पाहतो. बहुतेक दिवशी ते रेघेच्या अलीकडे असते. संध्याकाळी मारवा झाला असेल, तर पलीकडे.