बारा व्होल्टांचा संसार

प्रवासाला निघताना घर सोबत न्यावे, ही माणसाची हौस जुनी आहे. धनगराच्या घोड्यावर बांधलेली चूल, बैलगाडीच्या दांडीला लोंबणारा कंदील, देहूहून निघून आकुर्डीत मुक्कामाला उतरणाऱ्या पालखीमागचे दिंड्यांचे ट्रक ही सारी त्या हौसेची आणि गरजेची रूपे होत. आता तिला कॅराव्हॅन असे नाव मिळाले आहे आणि महाराष्ट्र शासनाने २०२१ साली तिच्यासाठी स्वतंत्र पर्यटन धोरणही आणले आहे.

आम्हां पिंपरी-चिंचवडकरांना ही वस्तू परकी वाटण्याचे कारण नाही. आकुर्डीच्या ज्या कंपनीला २००५ पर्यंत बजाज टेम्पो म्हणत आणि आज फोर्स मोटर्स म्हणतात, तिची ट्रॅव्हलर गाडी १९८७ साली रस्त्यावर आली. आज कितीतरी कॅराव्हॅन त्याच गाडीवर उभारल्या जातात. चिंचवडला बॅटऱ्या तयार होतात, चाकणला मोटारी जुळतात, भोसरीच्या गाळ्यांतून त्यांचे सुटे भाग बाहेर पडतात. आमच्या धर्मग्रामातील कित्येक कुटुंबांनी कोणत्या रविवारी सकाळच्या मिस्साला यावे आणि कोणत्या रविवारी संध्याकाळच्या, हे कारखान्याची पाळी ठरवते.

अशाच एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी मंजूर नमुन्याची एक वापरलेली कॅराव्हॅन विकत घेतली. पत्नीसह जुन्या गोव्याला जावे आणि तेथून सावकाश वेलंकणी गाठावी, असा त्यांचा मानस होता. सेमिनरीत असताना ध्वनिक्षेपकाची व्यवस्था आमच्याकडे असे, त्यामुळे तारांशी आमची थोडी ओळख आहे, हे त्यांना ठाऊक होते. ते म्हणाले, “फादर, रात्री गाणी वाजली पाहिजेत आणि सकाळी गाडी सुरू झाली पाहिजे. एवढं जमवून द्या.”

त्यांच्या मागणीत या विषयाचे सारे मर्म आले होते. मोटारीत संगीत आणण्याची खटपट शंभर वर्षांची आहे. शिकागोच्या गॅल्विन कंपनीने १९३० साली मोटारीत बसणारा रेडिओ विकायला काढला आणि त्याला मोटोरोला हे नाव दिले. परंतु त्या रेडिओला जो प्रश्न होता, तोच आजही आहे. गाडीची मूळ बॅटरी इंजिन चालू करण्यासाठी असते. स्टार्टरला काही क्षण शेकडो अँपिअर पुरवावेत आणि मग इंजिनावरच्या अल्टरनेटरकडून पुन्हा भरून घ्यावे, हा तिचा धर्म. रात्रभर थोडेथोडे देत राहणे तिच्या प्रकृतीला मानवत नाही. तसे वारंवार केल्यास तिच्या पातळ शिशाच्या पट्ट्या लवकर झिजतात आणि घाटाच्या पायथ्याशी सकाळी चावी फिरवली की नुसती टकटक ऐकू येते.

म्हणून राहत्या भागासाठी दुसरी बॅटरी हवी, जाड पट्ट्यांची आणि संथपणे देणारी. या दोन बॅटऱ्यांमध्ये एक रिले बसवतात. इंजिन चालू असताना तो दोघींना जोडतो आणि इंजिन थांबताच तोडतो. त्यामुळे दिवसा दोघी भरतात, रात्री मात्र घरातील खर्च घरातल्या बॅटरीवरच पडतो. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांपैकी काहींत अल्टरनेटर आपला दाब स्वतःच कमी-अधिक करतो. अशा गाडीत साध्या रिलेने दुसरी बॅटरी पुरती भरत नाही, तिथे डीसी-टू-डीसी चार्जर बसवावा लागतो.

स्टीरिओच्या पाठीमागे बहुधा तीन महत्त्वाच्या तारा असतात. पिवळी सदैव जिवंत असते, ती घड्याळ आणि स्टेशनांची आठवण राखते. तांबडी चावीबरोबर संच चालू-बंद करते आणि काळी ही परतीची वाट. कॅराव्हॅनमध्ये तांबडी चावीवर न ठेवता वेगळ्या बटणावर घेतात, म्हणजे इंजिन बंद असतानाही गाणे ऐकता येते. काळी तार मात्र जवळच्या स्क्रूला अडकवून भागत नाही. गाडीचा पत्रा वीज परत नेतो, प्लायवूडची भिंत नेत नाही. परतीची तार थेट बॅटरीपर्यंत ओढावी लागते.

खोक्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्याला आम्ही कधी भुललो नाही. संचामागचा फ्यूज पाहावा, तो खरे बोलतो. फ्यूज पंधरा अँपिअरचा असेल, तर चौदा व्होल्टांवर तो संच फार तर दोनशे दहा वॅट घेईल. खोक्यावर हजार लिहिले असले तरी ते हजार येणार कोठून?

बारा व्होल्ट म्हणजे धोका नाही, हा समजही तितकाच खोटा. साठ वॅटच्या उपकरणाला घरातील २३० व्होल्टांवर पाव अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो, तर बारा व्होल्टांवर तब्बल पाच. शॉक बसत नाही, पण बारीक तार तापते आणि पडद्यांच्या, गाद्यांच्या त्या खोलीत तापलेली तार पुरेशी असते. पाच मीटर दूरच्या उपकरणाला अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेने दहा अँपिअर नेले, तर जाण्यायेण्यात पाऊण व्होल्टच्या जवळपास वाटेतच हरवतो. म्हणून तार जाड हवी, आणि फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून शक्य तितका जवळ. तो संचाच्या रक्षणासाठी नसून तारेच्या रक्षणासाठी असतो. दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या तारेला तर दोन्ही टोकांना फ्यूज लागतो, कारण तिच्यात वीज दोन्हीकडून येऊ शकते.

भोसरीच्या एका वायरमनला सोबत घेऊन आम्ही हिशेब मांडला. दिवे दोन अँपिअरने चार तास, म्हणजे आठ. पंखा दीड अँपिअरने आठ तास, म्हणजे बारा. स्टीरिओ तीन अँपिअरने तीन तास, म्हणजे नऊ. मोबाइलचे तीन. बेरीज बत्तीस अँपिअर-तास झाली. शिशाची शंभराची बॅटरी दीर्घायुषी व्हावी, तर तिच्यातील निम्मेच वापरावे. गृहस्थ खूश झाले, अठरा शिल्लक! त्यांनी लगेच मोठ्या अँप्लिफायरची गोष्ट काढली.

तेव्हा इतका वेळ गप्प बसलेल्या बाई म्हणाल्या, “आणि माझा फ्रिज?”

त्यांना इन्सुलिन घ्यावे लागते. वापरात असलेली कुपी घरातील बेताच्या तापमानात सुमारे चार आठवडे चालते, पण न उघडलेल्या कुप्या दोन ते आठ अंशांतच राहायला हव्यात आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तर कोणतीच कुपी टिकत नाही. लहान कॉम्प्रेसर फ्रिज दिवस-रात्र मिळून तीसएक अँपिअर-तास घेतो. रात्रीचे त्यातले पंधरा. शिल्लक तीन राहिली आणि अँप्लिफायर संपला.

गृहस्थ जरा हिरमुसले. बाई हसून म्हणाल्या, “अहो, बॅटरी उतरली तर गाणी आपण तोंडानं म्हणू. इन्सुलिन तोंडानं कसं म्हणायचं?”

आम्ही अनेक घरांचे हिशेब ऐकले आहेत. संसारात काय काय हवे, याची यादी प्रत्येकाजवळ असते. कमी पडू लागले की आधी काय बंद करायचे, याची यादी फार थोड्या घरांत असते आणि ती ऐन अंधारात करायला बसले की भांडण होते. यंत्राला ती आगाऊ सांगावी लागते, हा यंत्राचा गुणच म्हणायचा. कमी दाबाला तोडणारी दोन साधने बसवली. बॅटरी उतरू लागली की आधी स्टीरिओ सुटेल, दिवे आणि पंखा थोडे नंतर, आणि फ्रिज सर्वांत शेवटी. छपरावर शंभर वॅटचे सौर पॅनल लावले. स्वच्छ दिवशी ते पंचवीस-तीस अँपिअर-तास परत देते, म्हणजे एक दिवस गाडी हलली नाही तरी निभावते. पाण्याच्या बॅटरीतून भरताना हायड्रोजन निघतो, म्हणून तिची पेटी राहत्या भागापासून बंद केली आणि तिला बाहेर उघडणारी नळी दिली.

दोघे सुखरूप जाऊन आले. टूलरूमची सवय सुटत नाही, त्यामुळे गृहस्थांनी दररोज सकाळी बॅटरीचा दाब एका वहीत नोंदवला होता. ती वही त्यांनी आम्हांला आणून दाखवली. १२.५, १२.४, १२.५ असे आकडे ओळीने होते. एका ढगाळ मुक्कामी, जिथे गाडी दोन दिवस उभी होती, तिथे १२.१ लिहिले होते. त्याच्या शेजारी बाईंच्या अक्षरात एक ओळ होती, ‘फ्रिज चालू. गाणी आम्ही म्हटली.’