आरसा धरणारा

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात खांबावर ब्रिटिश लष्करी अधिकारी जॉन स्मिथचं नाव आणि 28 एप्रिल 1819 ही तारीख कोरलेली आहे. त्याला लेण्यांची वाट दाखवणाऱ्या गुराखी पोराची गोष्ट आम्ही गाईड मंडळी पाहुण्यांना सांगतो, पण त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. छातीवर नावाचा बिल्ला लावताना मला तो पोर हटकून आठवतो.

गाईडांच्या संघटनेचा इतिहास म्हटलं की नोंदणी, पदाधिकारी, ठरलेले दर असं सांगतात. मला तो आरशापासून सुरू झालेला दिसतो. आत विजेचे दिवे नव्हते तेव्हा एक जण बाहेर उन्हात आरसा धरायचा, आतला ती तिरीप पांढऱ्या कापडावर घेऊन भिंतीवर पाडायचा. ऊन सरकलं की आरसाही सरकवायचा. हे एकट्याचं काम नव्हतंच.

उजेडाची ही विद्या पुस्तकात मिळत नाही. पहिल्या लेण्याच्या गाभाऱ्यात बुद्धमूर्ती आहे. एका बाजूने उजेड टाकला तर चेहरा गंभीर दिसतो, दुसऱ्या बाजूने ओठांवर स्मित उमटतं, समोरून धरला तर ध्यानात बुडालेला. बॅटरी किती उंचीवर धरायची, किती हळू फिरवायची, आणि फिरवताना तोंड कधी बंद ठेवायचं, हे ज्येष्ठांच्या मागे उभं राहूनच हाताला येतं. आता मंद दिवे आहेत, चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात. चित्रांसाठी ते योग्यच आहे. शिकवण्याची वेळ मात्र कमी झाली.

संघटनेने पाळी लावली, दर ठरवले, त्यामुळे फाटकाशी पाहुण्यांची ओढाओढ थांबली. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे लेणी बंद झाली तेव्हा कळलं, पगार नसणं म्हणजे काय. एकमेकांची चौकशी करायला संघटनेतलीच माणसं होती. 1990 पासून 21 फेब्रुवारीला जागतिक गाईड दिन साजरा होतो, त्याचाही मला अभिमान आहे. पण माझ्या मते संघटनेची खरी कसोटी एकच: तिचा नवा पोरगा गाभाऱ्यात उजेड कसा धरतो?

अजिंठ्याला सोमवारी सुट्टी असते, वेरूळला मंगळवारी. इतर दिवशी सावकाश या, बिल्ला पाहून गाईड घ्या, आणि त्याला घाई करू नका.