चांगलंय की, काका!

“काका, तुम्ही जाळलं हे.”

जेमतेम विशीतलं पोरगं, एक डोळा मोबाइलमध्ये. मॉड्यूल नखाने माझ्याकडे सरकवलं आणि निकाल देऊन मोकळं झालं. माझी उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. 48 व्होल्टच्या बॅटऱ्यांच्या रांगा, हातातून पाना निसटून दोन टोकांवर पडला तर ठिणग्यांचा पाऊस. तिथून मी धडधाकट बाहेर पडलो आणि 3.3 व्होल्टवर चालणारी ही बोटाच्या पेराएवढी पट्टी मी जाळली म्हणे!

मागची हकिकत थोडक्यात सांगतो. 2020 च्या जानेवारीअखेर आमच्यातल्या हजारोंनी एकदम स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्यात मीही होतो. भाचा इंजिनिअर होऊन पुण्याला गेला, त्याचं आर्डुइनोचं किट जळगावात मेहरूणला आमच्या माळ्यावर राहिलं. नळाला पाणी रोज येत नाही. येतं त्या दिवशी मोटर लावून गच्चीवरची टाकी भरायची आणि भरली का ते बघायला जिना चढायचा, तेही मे महिन्यात, पारा 45 ला टेकलेला असताना. गुडघ्यांनीच मला या नादाला लावलं म्हणा. किटमधला अल्ट्रासॉनिक सेन्सर टाकीच्या झाकणाला बसवला, तो आवाज सोडतो, पाण्यावरून परत आलेला ऐकतो आणि लागलेल्या वेळेवरून अंतर निघतं. हे फारसं अवघड गेलं नाही. शेजारचे भाऊ धुळ्याकडचे, ते आपल्या गच्चीवरून विचारायचे, “काय करी ऱ्हायना भाऊ?” मी नुसताच हात हलवायचो.

पण आकडा खाली मोबाइलवर यायचा तर वाय-फाय हवं आणि किटमधल्या उनो बोर्डावर ते नव्हतं. म्हणून शहरातल्या एका दुकानातून ईएसपी-01 आणलं. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी8266 चिप 2014 मध्ये आली आणि हजारांत मोजायची गोष्ट शेकड्यांत आली, त्याच चिपची ही पट्टी. दुकानातल्या पोराने सांगितलं, “उनोवर 3.3 ची पिन आहे ना, तिलाच लावा.” तसं लावलं. निळा दिवा लुकलुकायचा, पडद्यावर अगम्य अक्षरं उमटायची, मग सगळं ठप्प, आणि पुन्हा पहिल्यापासून तेच.

आता मला सांगा, जळलेली चिप अशी वागते का? ती एक तर मुकी होते नाही तर बोटाला चटका देते. ही बिचारी उठायला बघत होती आणि दरवेळी बसत होती. एक्स्चेंजमध्ये बॅटरी उतरली की कार्डं अशीच करायची. मी दुकानात जाऊन तेच सांगितलं, “अरे, याला करंट पुरत नाही.” त्याने आपल्या उनोच्या त्याच पिनला ते लावलं, तेच झालं, आणि म्हणाला, “बघा, जळलंय.” मी म्हटलं, वेगळ्या सप्लायवर लावून बघ. तर म्हणे, काउंटरवर प्रयोग करायला वेळ नाही. वर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी होतीच. मागे उभी असलेली कॉलेजची पोरं गालात हसत होती. त्यांचं हसणं मला त्या पैशांपेक्षा जास्त लागलं.

घरी येऊन कागद काढले. उनोच्या 3.3 व्होल्टच्या पिनची मर्यादा 50 मिलिअँपिअर. ही चिप वाय-फायवर पाठवू लागली की 170 पर्यंत मागते. तिढा सगळा इथेच. मग मोबाइलचा जुना चार्जर, त्यापुढे 3.3 चा रेग्युलेटर आणि झटक्याची मागणी भागवायला 470 मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर, एवढं जमवलं. चार्जरची आणि उनोची ऋण बाजू एकत्र बांधली. एक्स्चेंजमध्ये आम्ही धन टोक अर्थ करायचो, त्यामुळे आजही हात आधी उलटीकडे जातो. उनो 5 व्होल्टने बोलतो, म्हणून त्याच्याकडून येणाऱ्या तारेत दोन रेझिस्टर घालून तो दाब उतरवला. ‘एटी’ टाइप केलं, आणि पडद्यावर ‘ओके’!

हीच आज्ञा हेज कंपनीने 1981 मध्ये आपल्या मोडेमसाठी काढली होती. डायल-अपच्या काळात लोकांच्या घरी जाऊन मी ती शेकडो वेळा टाइप केली असेल. ती या पट्टीच्या पोटात निघावी, याचं मला अजून नवल वाटतं.

तर तो सगळा पसारा पिशवीत घालून मी पुन्हा दुकानात गेलो. काउंटरवर मांडला, माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून दाखवला. पोराने वाकून पाहिलं, चेहरा खुलला त्याचा. “चांगलंय की, काका! मग परत कशाला करताय?”

यावर काय बोलणार? चूक त्याची, सल्ला त्याचा, आणि चालणारी वस्तू परत करायला आलेला खुळा म्हातारा मी. “माझं चुकलं” एवढं तोंडातून निघालं असतं तर काय गेलं असतं त्याचं? उलट त्याने माझ्या जोडणीचा फोटो काढून घेतला.

माझं म्हणणं, पोरांना किट घेऊन देणाऱ्यांनी आधी एक मल्टिमीटर घ्यावा. किटातल्या पुस्तिकेत दिवा कसा लावायचा हे सचित्र असतं, कोणती पिन किती करंट देते हे नसतं. मग चालेना झालं की पोर समजतं, आपल्याला जमत नाही, आणि किट माळ्यावर जातं. आमच्या भाच्याचंही तसंच झालं असावं.

त्या दुकानाची पायरी चढायची नाही, असं ठरवलं होतं. पण पुढे नोडएमसीयू घेतला तो तिथूनच. त्यात तीच चिप आणि पुरेसा रेग्युलेटर बोर्डावरच असतो, उनोची गरजच संपते. ऑनलाइन स्वस्त मिळतो, पण त्यांच्याशी भांडणार कुठे जाऊन? पोरगं आता मला बसायला स्टूल देतं.

उन्हाळ्यात नवीनच भानगड निघाली. टाकी असायची त्यापेक्षा जास्त भरलेली दिसायची. अंतर काढायचं सगळीकडे मिळणारं सूत्र मायक्रोसेकंदांना 58 ने भागतं, ते साधारण 20 अंशांच्या हवेसाठी. तेव्हा आवाजाचा वेग सेकंदाला 343 मीटर असतो, 45 अंशांत तो 358 वर जातो. मीटरभर अंतराला चार सेंटिमीटर खाल्ले जातात. सूत्र लिहिणाऱ्याने जळगावचा मे पाहिलेला नसावा. तापमानाचा सेन्सर जोडून ते सुधारलं.

मोटर मात्र मी वाय-फायवर सोडलेली नाही. लाइट गेली की राउटर झोपायचा, आणि लाइट येताच मोटर आधी उठायची, आकडा मागाहून. म्हणून सध्या राउटर इन्व्हर्टरच्या एकुलत्या पॉइंटवर घेतला आहे. तिथे आधी हिचा टेबलफॅन लागायचा. मी एक्स्टेंशन बोर्ड सुचवला आहे, तिने अजून उत्तर दिलेलं नाही.